हात काळे करायला हरकत काय?

दसरा आला की आमच्याकडे, म्हणजे डेन्व्हरच्या उपनगरातही, गाडीला हार घातला जातो. झेंडूचा मिळाला नाही तर शेवंतीचा, तोही नाही मिळाला तर कागदाचा. बॉनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पूजा यथासांग होते. पण ज्या बॉनेटवर आपण स्वस्तिक काढतो, ते उघडून आत काय आहे हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत मीही काच धुण्याचे पाणी भरण्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. पेशाने मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. पदवी मात्र मेकॅनिकलची, हे सांगताना आता थोडी लाज वाटते.

त्या जुलैत आईबाबा पुण्याहून आले होते. त्यांना कोलोरॅडोचे डोंगर दाखवावेत म्हणून आमची २००४ ची जीप रँग्लर घेऊन लेक सिटीला गेलो आणि तिथून इंजिनीअर पासच्या वाटेला लागलो. ही खिंड सुमारे १२,८०० फूट उंचीवर आहे. रस्ता दगडगोट्यांचा, एका बाजूला दरी. अर्ध्या चढावर गाडी झटके खाऊ लागली आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. मागून बाबा शांतपणे म्हणाले, "मिसिंग करतेय. प्लग काढून बघ."

मी गप्प. प्लगपाना गाडीत नव्हता हे एक, आणि प्लग नेमके कुठे असतात हे मला ठाऊक नव्हते हे दुसरे. चार स्ट्रोकचे चक्र मी परीक्षेत आकृतीसह काढून गुण मिळवले होते. पण आई घाबरून देवाचे नाव घेत होती तेव्हा त्या आकृतीचा काही उपयोग झाला नाही. गाडी वळवली आणि हळूहळू खाली उतरलो.

बाबांना हे विचित्र वाटणे साहजिक होते. आमच्या घरी बजाजची स्कूटर होती. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल घालायचे, त्यामुळे प्लगवर काजळी धरायचीच. ऑफिसला जाताना स्कूटर बंद पडली की बाबा डिकीतून पाना काढत, प्लग खोलत, पॉलिश पेपरने घासत, फुंकर मारत आणि परत बसवत. पाच मिनिटांचे काम. ते बँकेत कारकून होते, मेकॅनिक नव्हते. त्या पिढीतल्या बहुतेक स्कूटरवाल्यांना एवढे येतच असे.

घरी परतल्यावर गाडी एका गॅरेजात नेली. संगणक जोडून त्यांनी कोड काढला, पी ०३०३. मग हातात अंदाजपत्रक दिले: प्लग, इग्निशन कॉइल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एकूण १,८६० डॉलर. गॅरेजवाला लबाड होता असे मी म्हणत नाही. पण त्या कोडचा अर्थ मी घरी येऊन वाचला तेव्हा कळले की तो फक्त 'तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा जळण नीट होत नाही' एवढेच सांगतो. का होत नाही, ते सांगत नाही. प्रोग्राममध्ये चूक आली म्हणून मी कधी संपूर्ण संगणक बदलत नाही. आधी स्वस्त आणि सोपी शक्यता तपासतो. गाडीच्या बाबतीत मात्र सही करायला पेन काढले होते!

शेवटी बाबाच म्हणाले, "अरे, आधी प्लग तर बदलून बघू."

आता कामाविषयी थोडे. या गाडीचे ४ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन घरी काम शिकण्यासाठी फार चांगले. सहाही प्लग प्रवाशाच्या बाजूला, हात सहज पोचेल असे. २००० पासूनच्या रँग्लरमध्ये या इंजिनाच्या प्लगवर एकच लांब कॉइलपट्टी बसते. तिचे चार बोल्ट काढायचे आणि पट्टी एकदम न ओढता दोन्ही टोकांकडून आळीपाळीने थोडी थोडी उचलायची.

त्याआधी तीन गोष्टी. इंजिन पूर्ण गार हवे. बॅटरीची ऋण तार सोडवायची. आणि डोंगरात, वाळूत फिरणाऱ्या गाडीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्लगच्या खळग्यातली माती दाबाच्या हवेने उडवायची. प्लग काढल्यावर तीच माती सिलिंडरमध्ये पडली तर स्वस्तातले काम महागात जाते. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. घरातला नव्हे, सुरक्षेचा.

प्लग एकेक करून काढायचे आणि ओळीने मांडून ठेवायचे, कारण प्रत्येक प्लग आपल्या सिलिंडरची हकिगत सांगतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. ओलसर तेलकट असेल तर ऑइल आत येते आहे. पांढरे, फोड आल्यासारखे असेल तर इंजिन किंवा प्लग जास्त तापतो आहे. आमचे पाच प्लग नुसतेच झिजले होते. ठिणगीची फट इंचाचे ३५ सहस्रांश हवी, ती ५० च्या पुढे गेली होती. तिसऱ्या प्लगच्या चिनीमातीला मात्र केसाएवढी चीर होती. बाबांनी ती वाचायचा चष्मा लावून शोधली.

नवा प्लग बसवताना सुरुवात हातानेच करायची. आटे चुकले तर पान्याच्या जोरावर ते कळत नाही, थेट नुकसान होते. शेवटी टॉर्क रेंच, या इंजिनाला २६ ते ३० फूट-पाउंड. आम्हाला एकूण चार तास लागले. गाडी सुरू केली, कोड पुसला. त्यानंतर आजवर तो दिवा लागलेला नाही. कॉइल जुनीच आहे, कन्व्हर्टरही जुनाच.

आता हिशेब, कारण हे पान हिशेबाचे आहे. सहा प्लग २४ डॉलर, टॉर्क रेंच ४८, सॉकेट आणि जोडदांडा २२, फट मोजायचे गेज ६, कॉइलच्या रबरात लावायचे ग्रीस ७. एकूण १०७. पुढच्या वेळी हत्यारे घरात असतील. सुट्या भागांची काही दुकाने हत्यारे अनामत घेऊन वापरायलाही देतात.

यावर आपल्या मंडळातले मित्र हमखास विचारतात, "तुझ्या तासाची किंमत काय धरलीस?" शनिवारच्या त्या चार तासांचे मला कोणीही पैसे देणार नव्हते, हे माझे उत्तर. एरवी ते तास क्रिकेटचे हायलाइट्स बघण्यात गेले असते. पण खरी बचत प्लगमध्ये नाहीच. गॅरेजचे अंदाजपत्रक वाचता येणे, 'हे कशावरून ठरवले?' असे न संकोचता विचारता येणे, ही खरी बचत आहे. या देशात नवीन आलेल्या माणसाला भाषा येत असूनही हा प्रश्न विचारायला भीड वाटते. ती भीड आपल्याला फार महाग पडते.

उलट, दुर्लक्षही महागच. जळले नाही ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो तापून निकामी होऊ शकतो. दिवा नुसता लागला असेल तर लवकर तपासा. लुकलुकत असेल तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. मी तसाच चालवत खाली आलो. नशीब चांगले म्हणायचे.

वॉरंटीची भीती अनेकांना वाटते. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, केवळ तुम्ही स्वतः देखभाल केली म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र तुमच्या चुकीने बिघाड झाला तर खर्च तुमचाच. म्हणून पावत्या आणि मैलांची नोंद जपून ठेवा.

आरोग्याच्या दृष्टीने एकच गोष्ट निक्षून सांगतो. इंजिन तपासायला सुरू करायचे असेल तर गाडी गॅरेजमधून बाहेर काढा. हिवाळ्यात दार लावून, किंवा नुसते अर्धे उघडून, इंजिन चालू ठेवण्याचा मोह होतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो घरात शिरतो. त्याचा अलार्म घरात नसेल तर प्लगच्या आधी तो आणा.

प्रत्येकाने हे करावे असे माझे म्हणणे नाही. २०१२ ते २०१८ च्या रँग्लरमध्ये ३.६ लिटरचे व्ही-सहा इंजिन आहे. त्यात प्लगपर्यंत पोचायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागतो, हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे, आणि प्लग बदलायचे ते एक लाख मैलांनी. अशा गाडीवर पहिला प्रयोग करू नये. प्लग अडकून फिरेनासा झाला तरी जोर न करता थांबावे आणि जाणकाराला बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

कमीपणा आहे तो दुसरीकडे. हात काळे करणे हे आपल्यासारख्या शिकलेल्यांचे काम नव्हे, असे आपण मुलांना न बोलता शिकवतो. शनिवारी त्यांना गणिताच्या शिकवणीला नेतो, रविवारी मराठी शाळेला. पाना धरायला मात्र कोणी शिकवत नाही. आमची आठ वर्षांची मुलगी त्या दिवशी आजोबांच्या शेजारी स्टुलावर उभी राहून प्लग मोजत होती. तिला विचारले तर ती आज सहाही प्लग कुठे आहेत ते दाखवते. तिच्या बापाला हे कळायला पस्तिशी गाठावी लागली.

बाबा ऑक्टोबरमध्ये पुण्याला परत गेले. जाण्याआधीच्या दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे गाडीची पूजा केली. या वेळी हार घालण्याआधी बाबांनी बॉनेट उघडायला लावले आणि पाटावर टॉर्क रेंचही ठेवला. तुमच्याकडेही पुढच्या दसऱ्याला तसे झाले तर हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.