'शाळेकडून खेळलीस तर नाव कापीन' म्हणणाऱ्या सरांना

आज जरा मोठं लिहितोय. विषय पोरींच्या सॉफ्टबॉलचा आहे. "आपल्याला काय करायचं त्याचं" म्हणून पुढे सरकू नका, कारण कबड्डीत, खो-खोत, ज्या घरात लेकरू बरं खेळतं त्या प्रत्येक घरात हेच सुरू आहे.

मागच्या आठवड्यात एक वडील भेटले. पंक्चरचं दुकान आहे त्यांचं. पोरगी नववीत, पिचर. शाळेच्या संघात आहे, संध्याकाळी मोहल्ल्याच्या मैदानावर खेळते, आणि बाहेरगावी सामने खेळायला जाणाऱ्या एका क्लबच्या संघातही तिची निवड झाली आहे. झालं असं की ज्या दिवशी शाळेचा सामना, त्याच दिवशी क्लबचा नागपूरला सराव सामना. क्लबच्या सरांनी स्पष्ट सांगितलं, शाळेचा सामना म्हणजे टाइमपास, तिकडे गेलीस तर पुढच्या निवड चाचणीच्या यादीतून नाव कापीन. शाळेच्या मॅडमचं म्हणणं, वर्षभर सुट्ट्या आम्ही द्यायच्या, बोनाफाईड आम्ही द्यायचं, बॅट शाळेची, आणि आमच्याच सामन्याला तू नाहीस? यापुढे रजा मागायला येऊ नको.

वडील म्हणाले, "भाऊ, मले तं दोघायचंही बरोबर वाटते. पण पोरगी दोन दिवस झाले धड जेवली नाही. सांगा, कोणाले नाही म्हणू?"

शाळेचं आणि क्लबचं नाव मी लिहीत नाही. वडिलांनी हात जोडून सांगितलंय, आणि नाव लिहिलं की राग पोरीवर निघतो हे मलाही माहीत आहे.

आधी सरांची बाजू मांडतो. ती खोटी नाही. नऊ जणींचा खेळ आहे. पिचर आणि कॅचर आल्या नाहीत तर बाकीच्या सात जणींनी मैदानावर काय करायचं? पहाटे साडेपाचला मैदानावर येणारे, स्वतःच्या पेट्रोलने फिरणारे, पोरींचे ग्लोव्ह घरी नेऊन शिवणारे सर मी पाहिलेत. त्यांना शिस्त हवी असते, ठीकच आहे. पण पोरीनं आठ दिवस आधी येऊन सांगितलं असेल की सर, त्या दिवशी शाळेचा सामना आहे, तर ती बेशिस्त कशी झाली? आणि चौदा वर्षांच्या लेकराला "नाव कापीन" म्हणणं ही शिस्त नव्हे, धमकी आहे.

धमकी चालते कशी, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. कागदामुळे. दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पंक्चरच्या दुकानावर घर चालवणाऱ्या माणसाला हा आकडा ऑलिम्पिकपेक्षा मोठा वाटतो, आणि वाटणारच. म्हणून यादी ज्याच्या हातात, त्याच्या हातात पोरीचं भविष्य, असं घरात ठरून जातं. आई-बाप गप्प बसतात.

गंमत बघा. ज्याला सर टाइमपास म्हणतात, त्या शालेय स्पर्धेतूनच तर जिल्हा, मग नागपूर विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय असा रस्ता जातो. तो कागदही सरकारी कामात चालतो. मग शाळेचा सामना हलका आणि तुमचा जड, हे वजन केलं कोणी?

हे भांडण फक्त आपल्याकडे नाही. सॉफ्टबॉल ज्या अमेरिकेतून आला तिथेही एकीकडे गावातली हौशी लीग आणि दुसरीकडे गावोगाव फिरणारे निवडक संघ, ज्याला ते ट्रॅव्हल बॉल म्हणतात. तिथेही आई-बाप शनिवार-रविवार गाडी हाकून थकलेत. पण तिथल्या लिटल लीगचा एक नियम मला फार आवडला. संघात नाव असलेल्या प्रत्येक लेकराला सामन्यात किमान ६ बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा बॅटिंग मिळालीच पाहिजे. आणि उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेच्या निवडक संघात यायचं असेल तर आधी आपल्या गावच्या लीगमध्ये ठरलेले सामने खेळलेले असावे लागतात. म्हणजे तिथे गावात खेळलात तरच बाहेर जाता. आमच्या सरांनी नियम उलटा केलाय, गावात खेळलात तर बाहेर जायचं नाही!

बाहेर नेलेल्या पोरींचं तरी काय होतं? पंधरा जणी नेतात, नऊ खेळतात. उरलेल्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. कोल्हापूरकडे सामना असला की महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसा, दुसऱ्या दिवशी उतरा, आणि दोन इनिंग बाकावर बसून परत या. कोरोनात २०२० साली रेल्वेनं खेळाडूंची भाड्यातली सवलत काढून घेतली, तो भारही बापाच्या खिशावरच पडला. त्या बाकावरच्या पोरीला मोहल्ल्याच्या मैदानावर दर रविवारी सातही इनिंग खेळायला मिळाल्या असत्या. खेळून खेळ येतो. बसून येत नाही.

आता खांद्याचं. "हात खालून फिरतो, पिचरला काही होत नाही," हे मी दहा जणांकडून ऐकलंय. चूक आहे ते. खालून टाकणाऱ्या पिचरलाही खांद्याची, कोपराची दुखणी होतात. शनिवारी शाळेसाठी सात इनिंग, रविवारी क्लबसाठी सात, सोमवारी सराव. शाळेच्या मॅडमला क्लबचं माहीत नाही, क्लबच्या सरांना शाळेचं विचारायचं नाही. दोघांत मिळून तिनं किती चेंडू टाकले याची नोंद कोणाकडे आहे? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की लेकराला आठवड्यातून किमान एक दिवस खेळातून पूर्ण सुट्टी हवी आणि वर्षात दोन-तीन महिने त्या एका खेळापासून लांब ठेवावं. आमच्याकडे सुट्टी मागितली की "मन नाही लागत वाटते हिचं".

शाळांनाही सोडणार नाही. पोरगी राज्यावर गेली की फाटकावर फ्लेक्स लावायचा, आणि परत आल्यावर बुडालेल्या सहामाहीच्या पेपरचं विचारलं की "तो तुमचा प्रश्न". हे कसं चालेल? खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळेनं क्लबला नावं ठेवू नयेत. मैदानांचंही तेच. स्वावलंबीचं मैदान सभेला लागतं तेव्हा चार दिवसांत सपाट होतं, मंडप, रस्ता, सगळं. पोरींना बेस आखायला चुना मागितला की कोणाची परवानगी लागते तेच कळत नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. आता भाषणं सुरू होतील, मेडल, मेडल म्हणून. मला मेडलचं सध्या काही नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, चार ठिकाणी पोरी रविवारी सकाळी खेळताना दिसल्या तरी पुष्कळ.

मागणं फार नाही. जूनअखेर आपल्याकडच्या शाळा उघडतात. त्याच आठवड्यात जिल्हा क्रीडा कार्यालयानं शाळा आणि क्लब एका टेबलावर बसवावेत आणि वर्षाच्या तारखा एका कागदावर आणाव्यात. तारखा भिडल्या तर शाळेच्या सामन्याचा दिवस क्लबनं सोडावा, आणि राज्य स्पर्धेचा आठवडा शाळेनं सोडावा, पेपर नंतर घ्यावा. शाळेकडून किंवा मोहल्ल्याकडून खेळली म्हणून कोणाचं नाव कापलं जाणार नाही, हे निवड चाचणीच्या नोटीसवरच लिहून लावावं. पिचरनं टाकलेल्या चेंडूंची एक वही असावी, ती पोरीजवळ राहील, दोन्हीकडचे सर-मॅडम त्यात सही करतील. बाहेरगावच्या दौऱ्याचा हिशेब पालकांना लेखी मिळावा. यातल्या एकाही गोष्टीला मुंबईहून मंजुरी लागत नाही.

आणि आई-बापांनो, यादीला एवढं घाबरू नका. पिचर रोज तयार होत नाही, हे सरांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. चार पालक मिळून गेलात तर बोलणं बदलतं, मी पाहिलंय.

ज्यांच्या पोरीला किंवा पोराला, कोणत्याही खेळात, "तिकडे खेळलास तर इकडे नाही" असं सांगितलं गेलंय, त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. तालुका, खेळ आणि वर्ग एवढंच पुरे. नाव छापणार नाही. पंधरा-वीस जण झाले की ते पत्र घेऊन मी स्वतः क्रीडा कार्यालयात जातो, आणि काय उत्तर मिळालं ते इथेच टाकतो.