डोळ्यातील रक्तस्राव व विश्रांतीचा आठवडा

बैलाच्या शिंगाचा धक्का, मळणीयंत्रातून उडालेला खडा अथवा सरपण फोडताना उसळलेली ढलपी डोळ्यावर बसते, आणि मग घरोघरचे उपाय सुरू होतात. शेतकी पत्रिकेत नेत्ररोगाची चर्चा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु या दुखापतीच्या उपचारात शेतकामच आडवे येते, म्हणून हा विषय येथे मांडणे मला अगत्याचे वाटते.

मार लागल्यावर डोळ्याचा केवळ पांढरा भाग लाल झाला व नजर स्वच्छ असली, तर ती लाली बहुधा आपोआप निवळते. बुबुळापुढील पोकळीत रक्त उतरले, तर मात्र नजर धूसर होते व बसलेल्या माणसाच्या डोळ्यात खालच्या बाजूस रक्ताचा थर दिसू शकतो. रक्त याहून आत, पडद्यापुढील भागात गेल्यास बाहेरून काहीच दिसत नाही. रोग्यास मात्र काळे ठिपके वा जाळी तरंगताना दिसते. दोन्ही प्रसंगी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तोवर डोळा चोळू वा दाबू नये. मध, तूप, दूध काहीही घालू नये. डोळ्यास न टेकेल असे झाकण लावावे व डोके उंच ठेवावे. दुखते म्हणून ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढण्याचा संभव असतो.

साठलेल्या रक्तामुळे डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस दुखावते. म्हणून डॉक्टर दाब मोजून थेंब देतात. तेवढ्याने न भागल्यास शस्त्रक्रियेने रक्त काढावे लागते. विदर्भातील व नंदुरबारकडील काही समाजांत सिकलसेलचा दोष आढळतो. अशा रोग्यांत थोड्या दाबानेही नस लवकर बिघडते व दाब उतरविण्याची काही औषधे त्यांना चालत नाहीत. घरात हा दोष असल्यास तो डॉक्टरांस न विचारता सांगावा.

खरी अडचण पुढेच आहे. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो, व तो पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. नेमके याच दिवसांत नजर थोडी उघडते आणि माणूस पाण्याची पाळी आली म्हणून मोटारीवर जातो, नाहीतर खताची पोती उचलतो. खांदा आलेला बैल आपण जुवाखाली घालीत नाही. ती सवलत घरच्या माणसास का असू नये? भावकीने वा शेजाऱ्याने तो आठवडा त्याचे काम सांभाळणे, हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे.

रक्त निवळल्यावरही काही जणांस कित्येक वर्षांनी त्याच डोळ्यात काचबिंदू होतो व आरंभी तो जाणवत नाही. याकरिता वर्षातून एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. मळणीयंत्र भाड्याने देणाऱ्यांनी यंत्रासोबत संरक्षक चष्मेही द्यावेत, अशी माझी सूचना आहे.