घंटा आमची, मर्जी व्हर्जिनियाची

आमच्या जरीपटक्यातही आता दुकानांवर कॅमेरे आणि दारांवर कॅमेऱ्याच्या घंटा आल्या आहेत. विकणारे सांगतात, "सगळं क्लाऊडवर असतं काका, काळजी नको." माझं भांडण नेमकं याच वाक्याशी आहे.

२० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन नरकचतुर्दशीला, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात बिघाड झाला आणि लोकांच्या दारावरच्या रिंगच्या घंटा गप्प झाल्या. गार-गरम होणाऱ्या महागड्या गाद्यासुद्धा ऐकेनात! (गादीला इंटरनेट कशाला, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.)

पुण्याचा भाचा म्हणतो, घंटेतल्या इवल्याशा चिपला चेहरा ओळखण्याचं काम झेपत नाही, ते दुसऱ्यावर टाकावंच लागतं. कबूल. पण ते ओझं उचलायला समुद्रापारचाच हमाल कशाला? सोसायटीच्या जिन्याखाली किंवा मोबाईल टॉवरपाशी सर्व्हर ठेवा, गल्लीतल्या वस्तूंचं काम तो करील. यालाच एज सर्व्हर म्हणतात. आता मे महिन्यात ४५ अंशांत ती पेटी टिकेल का, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. टिकवायला पैसे लागतील. लागू देत.

नागपुरातलंच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी वगैरेंनी मिळून इथे 'आयरास्ते' प्रकल्प सुरू केला. शहर बसला कॅमेरा लावला, टक्कर होईलसं वाटलं की चालकाला इशारा. तो इशारा बसमधलंच यंत्र देतं. द्यायलाच हवा! ताशी ६० किलोमीटरने जाणारी बस सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. दूरच्या उत्तराला अर्धा सेकंद लागला तर ती आठ मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या आठ मीटरांत शाळेतून सुटलेलं पोर असू शकतं. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, हे मलाही ठाऊक आहे. पण वेळ खातात त्या मधल्या रांगा, आणि रस्ता खोदताना तुटलेली केबल तर उत्तरच देत नाही.

इशारे कुठे वारंवार वाजतात याची नोंद मात्र एकत्र जमवावी. त्यातूनच धोक्याच्या जागा कळतात. तिथे घाई नसते. दारावरच्या घंटेचंही तसंच. कोण आलं ते दारातच ठरू द्या, माझ्या नातीचा चेहरा परदेशी पाठवायचं कारण नाही.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या बैठकीत कॅमेऱ्यांचं दरपत्रक आलं की विचारा: नेट बंद असताना यातलं काय काय चालतं? आणि उत्तर लेखी मागा.