समुद्राचे पाणी, चवदार तळे आणि भाड्याची बोट

मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियासमोर उभे राहिले की दोन प्रकारच्या बोटी दिसतात. एक, तिकीट काढून घारापुरीला नाहीतर मांडव्याला जाणारी लाँच. तिच्यासाठी लहान मुले, म्हातारी माणसे, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया उन्हात रांगेत उभ्या असतात. दुसरी, थोडी दूर नांगर टाकून उभी असलेली पांढरीशुभ्र खासगी बोट, म्हणजे यॉट. तिच्यासाठी रांग नसते. फोन करायचा, पैसे भरायचे, आणि छोटी होडी पायऱ्यांपर्यंत येऊन पाहुण्यांना घेऊन जाते. शिडाची साधी बोट काही हजारांत मिळते, मोठ्या यॉटचे भाडे लाखाच्या घरात जाते. वाढदिवस, साखरपुडा, कंपनीची पार्टी, सारे आता समुद्रात होते. गाणी, थंड पेये, दारू आणि मांडव्याच्या बाजूला बोट थांबवून पोहणे, असा हा कार्यक्रम असतो. गोवा आणि मालवण-तारकर्लीलाही हाच धंदा जोरात आहे.

यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने मौज करावी, आमचा त्याला विरोध नाही. आमच्या समाजातील मुलेही आज शिकली, नोकरीला लागली, चार पैसे मिळवू लागली. त्यांनी समुद्रावर जाऊ नये असे म्हणणारे आम्ही कोण? उलट, ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांचे नातू समुद्रात पोहतात याचा आम्हाला अभिमानच आहे. प्रश्न मौजेचा नाही. ती मौज कोणाच्या जिवावर चालते आणि तिच्यासाठी कायदा कोणापुरता वाकवला जातो, हा आहे.

काही महिन्यांपूर्वी आम्हाला अशाच एका बोटीवर जाण्याचा प्रसंग आला. यजमान आमच्याच चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याचा मुलगा, मोठ्या कंपनीत अधिकारी. वाढदिवसाला वडिलांच्या मित्रांनाही त्याने अगत्याने बोलावले होते. बोटीवर पंधरा-सोळा माणसे, एक तांडेल आणि दोन खलाशी. बोट मांडव्यासमोर थांबेपर्यंत तरुण मंडळींचे दोन-दोन ग्लास झाले होते आणि पोहायला उतरायची घाई सुरू झाली होती. लाइफ जॅकेटे बाकाखाली सुतळीने बांधून ठेवलेली. तांडेल म्हणाला, "साहेब, ओहोटी लागली आहे, पाण्याला ओढ आहे. आता उतरू नका." त्यावर आमच्याच एका सुशिक्षित बांधवाने उत्तर दिले, "पैसे आम्ही मोजलेत. तू सांगायचे काम नाही."

हे वाक्य ऐकून आम्हाला शरम वाटली. पिढ्यान्पिढ्या आमच्या बापजाद्यांना हेच ऐकवले गेले होते, तू सांगायचे काम नाही! आम्ही मध्ये पडलो, पण तोपर्यंत दोघे पाण्यात उतरले होते. एकाचा दम सुटला आणि तो बोटीपासून दूर ओढला जाऊ लागला. विशीतला एक खलाशी कमरेला दोर बांधून उडी मारून गेला आणि त्याला घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या अंगावर जॅकेट नव्हते. थोड्या वेळाने गाणी पुन्हा सुरू झाली. जीव वाचवणाऱ्या त्या पोराचे नाव कोणी विचारले नाही.

आम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलो. वकिलाच्या सवयीने विचारले, नेमणुकीचा कागद आहे का? नाही. पगार? फेरीवर. विमा? मालकाला माहीत. तुला काही झाले तर घरच्यांना काय मिळेल? तो हसला आणि म्हणाला, "काका, आम्हाला पोहता येतं." म्हणजे पोहता येणे हाच त्याचा विमा!

बांधवांनो, आपल्या चळवळीच्या इतिहासातही एक बोटीचा प्रवास आहे. २४ डिसेंबर १९२७ रोजी बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोनशे प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने महाडकडे निघाले. समुद्राचा मार्ग धरला, कारण धरमतरच्या रस्त्यावरील मोटारमालक बहिष्कार टाकतील अशी शंका होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दासगाव बंदराला उतरले आणि हजारो सत्याग्रहींबरोबर पायी महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. किनाऱ्यावरून जाणारी ती बोट मौजेची नव्हती, पाण्याच्या हक्काची होती.

त्या सत्याग्रहाच्या आधीच सनातन्यांनी कोर्टात धाव घेतली होती. चवदार तळे ही आमची खासगी मालमत्ता आहे आणि अस्पृश्यांना तेथे न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, असा त्यांचा दावा. वास्तविक बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केले होते. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला आणि ती तथाकथित अनादी वहिवाट सिद्ध होत नाही असे ठरवले. बाबासाहेब त्या लढाईत प्रतिवादी होते. पुढे घटना तयार झाली तेव्हा कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांची नावे घेऊन भेदभावाला बंदी करण्यात आली. घटनेत स्नानघाट हा शब्द उगाच आलेला नाही. त्याच्यामागे महाडचे पाणी आहे.

समुद्र तर तळ्यापेक्षाही मोठी सार्वजनिक मालमत्ता. १९९६ साली कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की नद्या, किनारे, जंगले ही सरकारची खासगी मिळकत नाही. सरकार त्यांचे विश्वस्त आहे, मालक जनता आहे. मग या मालमत्तेवर चालणाऱ्या धंद्यात विश्वस्ताचे लक्ष कोठे आहे?

गेल्या काही वर्षांची यादी पाहा. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातील नियोजित शिवस्मारकाकडे निघालेली स्पीडबोट खडकाला धडकून बुडाली, एक तरुण गेला. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला बोट उलटून २२ जण गेले, त्यांत लहान मुले किती तरी. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची बोट येऊन आदळली आणि १५ जीव गेले. धडक नौदलाच्या बोटीने दिली हे खरेच. पण 'नीलकमल'चा परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशांचा असताना तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, हेही खरे. प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट हवे, हे बंदरावरच्या यंत्रणेला त्यानंतर आठवले. आठवडाभरात, नाताळच्या दिवशी, गोव्यात कळंगुटला बोट उलटून आणखी एक पर्यटक गेला.

कायदे नाहीत असे नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. नोंदणी, तपासणीचा दाखला, विमा, जीवरक्षक साधने, प्रशिक्षित खलाशी, सारे त्यात लिहिलेले आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून मेरिटाइम बोर्ड आहे. पण अपघात झाला की बोर्ड जागे होते, महिनाभराने झोपी जाते. आणि खलाशी तर कोणाच्याच यादीत नसतो. कामावर मेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदा १९२३ पासून होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण भरपाई मागण्यासाठी आपण त्या मालकाचे कामगार होतो हे आधी सिद्ध करावे लागते. नेमणूकपत्र देण्याची सक्ती करणारी नवी संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे. तीन माणसांची बोट तिच्या बाहेर! म्हणजे जो सर्वांत असुरक्षित, तोच कायद्याच्या हाताबाहेर. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या हक्कांचा पाया घालणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी हे मुकाट्याने पाहायचे काय?

आता दारूचे पाहू. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू पिण्यास परवाना लागतो, पार्टीत ती पुरवायची तर उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते. वस्तीतला मजूर दिवसभर घाम गाळून रस्त्याने झुलत निघाला की याच कायद्याच्या कलमाखाली पोलीस त्याला उचलतात. आम्ही अशा कित्येकांच्या जामिनासाठी कोर्टात उभे राहिलो आहोत. पण समुद्रातल्या बोटीवर परवाने तपासायला कोणी चढल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. एकाच कायद्याखाली रस्त्यावर तो गुन्हा आणि पाण्यावर ते पर्यटन, ही कुठली समता? शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध होता, हे आम्हाला माहीत आहे. पण त्याच बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला आपल्याला पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. ज्या नशेत माणसाला दुसऱ्याच्या जिवाचे भान राहत नाही ती टाळा, हे पाचव्या शीलाचे म्हणणे आहे. त्या दिवशी मांडव्यासमोर आम्ही ते डोळ्यांनी पाहिले.

पोहण्याचीही एक बाजू आहे. आपल्या समाजात पोहता येणारी माणसे कमी का? ज्यांना विहिरीच्या काठावर जाण्याची बंदी होती, त्यांनी पोहायला शिकावे कुठे? दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर विदर्भ-मराठवाड्यातून लाखो बांधव येतात. त्यांतल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदा तिथेच पाहिलेला असतो. पाय भिजवून ते मागे येतात, पुढे जात नाहीत. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर शिवाजी पार्कला महापालिकेचा जलतरण तलाव आहे. त्यात शिकणाऱ्या मुलांपैकी वस्तीतली मुले किती, हा प्रश्न आपल्या नगरसेवकांनी कधी विचारला आहे काय?

घारापुरीचेही उदाहरण घ्या. तिथल्या लेण्यांबद्दल सगळे बोलतात. पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे थोड्यांनाच माहीत असते. मुंबईच्या झगमगाटापासून जेमतेम दहा किलोमीटरवरच्या या बेटावरील गावांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकल्यावर. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! बेटासमोरून दिव्यांनी सजलेल्या पार्टीच्या बोटी जात राहिल्या आणि गाव अंधारात बसून त्या पाहत राहिले. विकासाचा क्रम कोणाच्या सोयीने लागतो, हे यावरून समजावे.

अलीकडे गेट वेजवळ रेडिओ क्लबच्या बाजूला नव्या जेट्टीचा वाद झाला. कुलाब्याच्या रहिवाशांनी विरोध केला. जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने प्रकल्पाला मान्यता दिली, पण अटी घातल्या. बसण्याच्या पायऱ्या वाट पाहणाऱ्या प्रवाशांसाठीच, करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी नाहीत. उपाहारगृहातही प्रवाशांपुरते पाणी व बंद पाकिटातले खाणेच. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. आम्ही या अटींचे स्वागत करतो. जेट्टी जनतेच्या पैशातून होते, ती आधी तिकीट काढून जाणाऱ्या प्रवाशांची असली पाहिजे. अटी कागदावर राहतात की पाळल्या जातात, यावर आता लक्ष ठेवावे लागेल. निकाल मिळाल्याने पाणी मिळत नाही, हे आपण महाडला शिकलो आहोत.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक खासगी बोटीवर परवाना, प्रवाशांची मर्यादा आणि विम्याचा तपशील मराठीत, दिसेल असा लावावा. प्रत्येक खलाशाला, मग ते तीन असोत की तीस, नेमणूकपत्र आणि विमा सक्तीचा करावा. तांडेलाने 'उतरू नका' म्हटले तर तो शब्द अखेरचा मानावा आणि त्यासाठी त्याची रोजी कापणाऱ्या मालकावर कारवाई व्हावी. महापालिकेच्या तलावांत वस्त्यांतील मुलांना मोफत पोहायला शिकवावे.

आणि एक मागणी आपल्याच सुशिक्षित बांधवांकडे. बोटीवर जरूर जा, पोहा, मुलाबाळांना समुद्र दाखवा. पण चढताना तांडेलाला नाव विचारा, खलाशाला विमा आहे का ते विचारा आणि तो थांबा म्हणाला तर थांबा. 'पैसे आम्ही मोजलेत' ही मालकाची भाषा आहे. आपल्या बापजाद्यांनी चवदार तळ्यावर ओंजळ भरली ती स्वतः मालक होऊन दुसऱ्याला खाली बसवण्यासाठी नव्हे. ते पाणी सर्वांचे आहे, एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते.

जय भीम!