पाय कापण्याआधी कोणती तपासणी झाली?

मामाचा पाय गुडघ्याखाली कापायचं ठरलं तेव्हा संमतीपत्रावर सही मी केली. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. डॉक्टर मला ‘तुम्ही’ म्हणत होते. ठेक्यावर सफाईकाम करणाऱ्या, माझ्या दुप्पट वयाच्या मामाला ‘अरे’. “उशीर झालाय, आता दुसरा इलाज नाही,” एवढंच सांगितलं. मी मान डोलावली. मामीची समजूतही मीच घातली.

नंतर अमेरिकेतला एक अभ्यास वाचनात आला. पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या की बायपास करून किंवा फुगा घालून रक्त पुन्हा पायापर्यंत पोहोचवता येतं. नाहीतर पाय कापायचा. २००२ ते २००८ या काळातल्या सुमारे पावणेआठ लाख रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. २०१३ साली ‘जामा सर्जरी’त तो छापून आला. गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या रुग्णांच्या वाट्याला पाय कापणं येण्याची शक्यता जवळपास पावणेदोन पट!

उशीर, मधुमेह, गरिबी ही ठरलेली उत्तरं. पण इतर कारणं हिशेबात धरूनही फरक उरलाच. आणि ज्या रुग्णालयांत रक्तवाहिन्या मोकळ्या करण्याची सोय जास्त, तिथे तो कमी न होता वाढलेला दिसला. ही ओळ मी तीनदा वाचली. सोयी आल्या की जात जाते, हे आपण कॉलेजपासून ऐकत आलोय ना!

डॉक्टरच्या मनात काय होतं ते अशा नोंदी सांगत नाहीत. कुणाचा पाय वाचला आणि कुणाचा गेला, ते सांगतात.

हे कळलं, कारण तिथल्या नोंदीत वंशाचा रकाना आहे. मामाच्या केसपेपरवर साखर होती, रक्तदाब होता, जात नव्हती. वागणुकीत होती. रकाना आला तर तो बघून आणखी लांब उभे राहणारे निघतील, ही भीती खरी आहे. म्हणून तो वॉर्डातल्या कागदावर नको; नाव वेगळं काढून, नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात हवा. मोजलंच नाही तर भेदभाव दाखवणार कसा?

तोवर तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात असाच पेन दिला जाईल. विचारा: पायाची डॉपलर झाली का? अँजिओग्राफी? रक्तवाहिन्यांचे सर्जन बघून गेले का? जंतुसंसर्ग पसरला तर पाय तातडीने कापावा लागतो, हे खरं. मग तसं स्पष्ट सांगा म्हणावं.

मामाची फाइल मी परवा पुन्हा उघडली. ड्रेसिंगच्या नोंदी आहेत, साखरेचे रिपोर्ट आहेत, माझी सही आहे. डॉपलरचा कागद नाही.