विश्वास ठेवा म्हणता, मग काटा दाखवा

रासायनिक कारखाना येणार अशी बातमी तालुक्यात पसरली की दोन तऱ्हेची भाषणे सुरू होतात. एक पुढारी सांगतो, पोरांना नोकऱ्या लागतील, विकास होईल, कंपनीवर विश्वास ठेवा. दुसरा सांगतो, सगळे मरणार, एक वीट रचू देऊ नका. कोणते रसायन येणार, किती टन, कशात साठवणार आणि सुटले तर वाऱ्यावर किती लांब जाणार, हे दोघेही सांगत नाहीत. ते ठाऊक नसताना कंपनीवर विश्वास ठेवला काय आणि विरोध केला काय, दोन्ही आंधळेच.

आम्ही कारखान्यांच्या विरोधात नाही. कोरडवाहू कपाशी-ज्वारीवर घरातली सगळी माणसे पोसली जात नाहीत, पोरांना काम हवे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पण जिनिंगवर गाडी नेली की आपण काटा पाहतोच. व्यापारी ओळखीचा असला तरी पाहतो. त्यात त्याचा अपमान होत नाही. तो व्यवहार आहे. कारखान्याशीही असाच व्यवहार हवा.

भोपाळ आठवा. ते प्रकरण आपल्या शेताला लागूनच आहे. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात सेव्हिन म्हणजे कार्बारिल तयार होई. बोंडअळीसाठी आपण कपाशीवर मारत होतो तेच औषध. २०१८ साली सरकारने त्यावर बंदी घातली. ते बनवायला मिथाइल आयसोसायनेट हे जहाल रसायन लागे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्याच्या टाकीत पाणी गेले आणि सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. हजारो माणसे मेली.

यंत्रे बंद होती हा अर्धाच गुन्हा. भिंतीबाहेरच्या वस्तीला आत काय साठवले आहे हे कोणी सांगितलेच नव्हते, हा उरलेला अर्धा. कित्येक जण वायू ज्या बाजूला चालला होता त्याच बाजूला धावले. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याला आडवे निघा, एवढे आधी सांगून ठेवले असते तर खूप जीव वाचले असते. डॉक्टरांनाही कोणत्या विषावर उपचार करायचे ते कळेना. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून धोक्याचे लिहीत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही.

हा आपल्याच देशाचा गबाळेपणा, असे कोणी समजू नये. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावी कार्बाइडचा तसाच कारखाना होता. भोपाळ इथे घडणार नाही, अशी ग्वाही तिथल्या लोकांना मिळाली. ऑगस्ट १९८५ मध्ये तिथेही विषारी वायू सुटला आणि शंभरावर लोक दवाखान्यात गेले. १९८६ साली अमेरिकेने लोकांना माहितीचा हक्क देणारा कायदा केला. पुढे हा कारखाना बायर कंपनीकडे गेला. २००८ मध्ये तिथे स्फोट होऊन दोन कामगार मेले, तेव्हा आत काय झाले ते फाटकावरून बचाव पथकांना धड सांगितले गेले नाही. २००९ मध्ये कंपनीच्या प्रमुखाने संसदीय समितीपुढे कबूल केले की, माहिती दडवण्यामागे बदनामी टाळण्याचाही हेतू होता. २०११ मध्ये कंपनीने ते रसायन बनवणेच सोडले. कायदा असूनही माहिती दडवली गेली. लोकांनी आणि चौकशी यंत्रणेने पिच्छा सोडला नाही म्हणून ती बाहेर आली.

आता ताजे उदाहरण. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला. लोक रस्त्यावर उतरले, दोघे आगीत भाजले. मग हायकोर्टाने सरकारला लोकांचे गैरसमज दूर करायला मुदत दिली, चाचण्या झाल्या आणि जूनअखेर कचरा जाळून झाला. समजावणी कंटेनर निघण्याआधी व्हायची, ती नंतर झाली. चाळीस वर्षे ज्यांनी खरे सांगितले नाही, त्यांचा शब्द एका दिवसात कोण मानणार?

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. धोकादायक कारखान्याने धोक्याची माहिती कामगारांना, ग्रामपंचायतीला आणि आसपासच्या जनतेला दिलीच पाहिजे, असे कलम १९८७ साली फॅक्टरी कायद्यात आले. २०२० च्या कामगार संहितेतही ते आहे. १९८९ च्या नियमांनी कारखान्याबाहेरच्या लोकांसाठी आपत्कालीन आराखडा करणे आणि वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम घेणे बंधनकारक केले. १९९१ च्या कायद्याने अपघातग्रस्ताला कंपनीची चूक सिद्ध न करताही तातडीची मदत मिळते. १९९६ च्या नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रासाठी स्थानिक आपत्ती गट असतो. त्यात सरपंचाला जागा आहे. आपल्या किती सरपंचांना ही जागा माहीत आहे?

म्हणून ज्या गावांजवळ असा कारखाना आहे किंवा येऊ घातला आहे, त्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून पुढील गोष्टी लेखी मागाव्यात:

१) साठवलेल्या प्रत्येक रसायनाचे मराठी नाव, जास्तीत जास्त साठा आणि त्याने होणारा अपाय.
२) वायू सुटला तर कोणत्या मोसमात कोणत्या वस्त्यांकडे जाईल, त्याचा नकाशा. पंचायतीच्या भिंतीवर तो लागला पाहिजे.
३) भोंग्याचा अर्थ आणि वर्षातून एकदा गावासह तालीम. शेतात राबणाऱ्या बायामाणसांना भोंगा ऐकू येतो की नाही, हे त्याच दिवशी तपासावे.
४) प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचाराची माहिती आणि औषधे.
५) स्थानिक आपत्ती गटाच्या बैठकांची इतिवृत्ते.

जी कंपनी हे निमूट देईल, तिच्याशी बोलणी पुढे न्यावीत. गुप्ततेचे कारण सांगणाऱ्या कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा, की आमच्या श्वासात जे येणार ते आमच्यापासून गुप्त कसे?

हाच न्याय घरातही लावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कोणते औषध मारले हे रोग्यासोबत आलेल्याला सांगता आले नाही, तर डॉक्टर चाचपडत राहतो. फवारणीला माणूस लावताना त्याला बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवा आणि विषबाधा झालीच तर बाटली दवाखान्यात सोबत न्या. मजुरापासून आपण जे लपवतो ते कंपनीने आपल्याला सांगावे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन उत्तरे आणावीत. दहा किलोमीटरच्या आत धोकादायक रसायने हाताळणारे कोणते कारखाने आणि गोदामे आहेत? त्यांच्याकडे गावाने आजवर लेखी काय मागितले? बाकीची चर्चा या उत्तरांवर होईल.