शेऱ्याखाली सही हवी!

वेरूळचे कैलास लेणे पाहून थक्क झालेला पहिला प्रेक्षक कोण, हे कोणाला सांगता यावयाचे नाही. पण त्या थक्क होण्याची एक प्राचीन लेखी नोंद मात्र उपलब्ध आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याच्या इ. स. 812-13 मधील बडोदे ताम्रपटात एलापूरच्या डोंगरावरील या देवालयाची थोरवी गायिली असून, ते घडविणारा शिल्पीदेखील आपल्या हातून हे कसे घडले म्हणून विस्मित झाला, असे म्हटले आहे. ही स्तुती अतिशयोक्त असेल. परंतु ती कोणाच्या दरबारातून व केव्हा झाली, हे बाराशे वर्षांनंतरही सांगता येते. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या निवासगृहांवर, दुकानांवर आणि तेथे विकल्या जाणाऱ्या मालावर मोबाईलच्या पडद्यावरून अभिप्रायांचा वर्षाव होत असतो. त्यांतील किती अभिप्रायांविषयी एवढे तरी खात्रीने सांगता येईल?

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे. त्यावर पोटे अवलंबून आहेत. औरंगाबादी म्हणून नावाजलेल्या हिमरू शालीचेच उदाहरण घ्या. सूत आणि रेशीम यांच्या मिश्र विणीचे हे वस्त्र हातमागावर विणणारे आता मोजकेच उरले आहेत, आणि यंत्रावर विणलेली शाल हातमागाची म्हणून खपविणारे मात्र पुष्कळ आहेत. लेणी पाहावयास आलेला प्रवासी शाल निदान हातात घेऊन पाहतो. पुण्यात किंवा नागपुरात बसून ऑनलाइन बाजारात तीच शाल मागविणाऱ्याला ना पोत कळतो, ना विणकर दिसतो. त्याच्यापुढे असतात फक्त पाच तारे आणि त्यांखालच्या चार ओळी. त्या खोट्या असतील, तर ग्राहक फसतो आणि खरा विणकर उपाशी मरतो. म्हणून अभिप्राय ही लहर नव्हे, ती साक्ष आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या साक्षीचे आज काय होते? शाल उत्तम निघते. परंतु पार्सल आठ दिवस उशिरा येते, आणि चिडलेले गिऱ्हाईक शालीला एकच तारा देऊन मोकळे होते. चूक वाहतूकदाराची, शिक्षा विक्रेत्याला! वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचा हा प्रकार घरोघरी बिनदिक्कत चालतो, आणि तो करणारे आपणच, सुशिक्षित म्हणविणारे लोक, आहोत. हजारो अभिप्राय गाठीशी असलेल्या बड्या व्यापाऱ्याला असा एक तारा बोचतही नाही. पण ज्याच्या नावावर जेमतेम दहा अभिप्राय जमले आहेत, त्याची सरासरी त्या एका ताऱ्याने ढासळते आणि त्याचा माल यादीत तळाशी जातो.

दुसऱ्या बाजूला विक्रेतेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. आप्तेष्टांकडून स्वतःची स्तुती लिहवून घेणे, पार्सलात चिठ्ठी घालून पाच ताऱ्यांच्या मोबदल्यात पैसे परत करण्याचे आमिष दाखविणे, प्रतिस्पर्ध्याच्या मालावर भाडोत्री निंदा करविणे, हे उद्योग आता जगजाहीर आहेत. विकत घेतलेली स्तुती आणि रागाच्या भरात केलेली निंदा या एकाच असत्याच्या दोन बाजू होत.

या दुखण्याचा जुना अनुभव परदेशांत आहे. 1995 मध्ये निघालेल्या ईबे या बाजारपेठेने खरेदीदार व विक्रेता यांनी परस्परांविषयी शेरे देण्याची पद्धत रूढ केली. परंतु आपण वाईट लिहिले तर समोरचाही सूड म्हणून वाईट लिहील, या धास्तीने पुष्कळांनी खरे बोलणे टाळले. अखेर 2008 मध्ये विक्रेत्याचा खरेदीदाराविषयी प्रतिकूल शेरा देण्याचा अधिकारच काढून घेण्यात आला. रोगापेक्षा औषध एकांगी! एअरबीएनबीने 2014 मध्ये अधिक शहाणा मार्ग काढला. पाहुणा आणि यजमान या दोघांचे अभिप्राय आल्यावर, अथवा ठराविक मुदत संपल्यावरच ते एकदम उघड करावयाचे, म्हणजे सूडाला वावच उरत नाही.

आपल्याकडे कायदा अगदीच मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा असून, त्याखालील 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानकही जाहीर केले. अभिप्राय देणाऱ्याची ओळख पडताळावी, विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असा त्याचा आशय. पण जाहीर होताना ते ऐच्छिक ठेवण्यात आले. सचोटी ऐच्छिक ठेवली की ती कोण पाळतो, हे सांगावयास ज्योतिषी नको. शिवाय ग्राहकाच्या तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी आणि तिचे निवारण महिन्याच्या आत करावे, असे 2020 चे नियम सांगतात. ते योग्यच आहे. मग खोट्या शेऱ्याने पोळलेल्या लहान विक्रेत्याच्या गाऱ्हाण्याला अशीच मुदत का नसावी?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्याने माल घेतला त्यानेच शेरा द्यावा, आणि तो कोण हे बाजारपेठेला ठाऊक असावे. त्याचे नाव चव्हाट्यावर मांडण्याची गरज नाही; ज्याच्याजवळ आपला पत्ता आणि फोन आहे, त्या विक्रेत्याची भीती ग्राहकाला वाटू शकते, हे आम्ही जाणतो. मालाचा तारा वेगळा, वाहतुकीचा वेगळा असावा. शेऱ्याशेजारीच विक्रेत्याचे उत्तर दिसावे. आणि प्रत्येक विक्रीवर दलाली घेणाऱ्या बाजारपेठेने ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ म्हणून हात झटकू नयेत. ज्या चावडीवर साक्षी होतात, ती चावडी खोट्या साक्षीविषयी बेफिकीर राहू शकत नाही.

तथापि सारा भार कायद्यावर टाकून आपली सुटका होणार नाही. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शाळेत शिक्षकी केली. प्रगतिपुस्तकात ‘आळशी’ हा शब्द लिहिताना हात अडखळत असे. कारण खाली आपली सही होती, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा बाप दारात उभा राहून ‘मास्तर, हे कशावरून?’ असे विचारू शकत होता. त्या प्रश्नाच्या धाकाने शेरे मवाळ झाले नाहीत. ते खरे झाले. मोबाईलवर बोट टेकविण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच मनाशी विचारावे : हा विणकर उद्या माझ्या दारात उभा राहिला, तर हेच वाक्य मी त्याच्या तोंडावर बोलेन काय? उत्तर ‘होय’ असेल, तर ते अवश्य, निर्भयपणे लिहावे. नसेल, तर तो तारा आपल्याजवळच ठेवावा.